माझ्या पोटातली अर्धी झडती

मी एक जुने मेमरी कार्ड आहे, मित्रांनो. आकाराने तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढे. माझ्या आत असंख्य सूक्ष्म कप्पे आहेत आणि त्यांत विजेचे कण कोंडलेले असतात. कोणता कप्पा भरलेला आणि कोणता रिकामा, एवढ्या खुणांवर तुमचे फोटो आणि गाणी माझ्यात लिहिली जातात. कार्डाला गाणे कळत नाही, असे लोक म्हणतात. खरेच कळत नसते तर बरे झाले असते. जे मला पोटात ठेवावे लागले, त्याची किळस तरी आली नसती.

माझा जन्म फार स्वच्छ जागी झाला. त्या खोलीत धुळीचा एक कणही चालत नसे आणि माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरत. तिथून मी बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावात, नानाजींच्या फोनमध्ये आले. नानाजी शेतकरी होते. गावात त्यांची खरी ओळख मात्र झडतीसाठी होती. पोळ्याच्या संध्याकाळी सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात, तेव्हा आमच्या भागात मोठ्याने चार ओळी म्हणतात, गावाला आणि मोठ्या लोकांना टोमणे मारणाऱ्या. तीच झडती. ती झाल्याशिवाय आमच्या गावात तोरण तुटत नाही आणि पोळा फुटत नाही. नानाजी दर वर्षी नवी झडती रचत आणि घरी अंगणात तिचा सराव करत.

अशाच एका सरावाच्या वेळी त्यांच्या नातीने, सुरभीने, फोन समोर धरला. मी सगळे लिहून घेतले. बैलाच्या गळ्यातली घंटा, नानाजींचा खोकला, त्यांचा खर्जातला आवाज, आणि शेवटी त्यांच्या पत्नीची, इंदुताईंची, आतून आलेली हाक, "आता पुरे करा, च्या थंडा होऊन राह्यला!" ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर ओझे होते. त्या पोळ्याला झडती गाजली. पुढच्या उन्हाळ्यात नानाजी गेले. फोन इंदुताईंकडे आला. दुपारी सुपात डाळ पाखडताना त्या फोन शेजारी ठेवून झडती लावत, आणि चहाची हाक आली की बंद करत.

मग सुरभीचा मोठा भाऊ अक्षय यवतमाळहून सुट्टीला आला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने नानाजींची, म्हणजे त्याच्या आबाजींची, झडती गाण्यांच्या एका ॲपवर चढवली. चढवण्याआधी ती 'साफ' केली आणि खाली ढोलाचा ठेका भरला. इंदुताईंनी ती ऐकली आणि फोन कानापासून दूर धरला.

"हे कोन बडवून राह्यलं मधात? अन् त्याहीचा खोकला कुठी गेला?"

"काढला न आजी. साफ केलं."

"जित्या मानसाचा आवाज असा साफ करते का कोनी? भांडं होय का?"

"आता सारं जग ऐकते आबाजीले! अन् तुह्या फोनातबी उतरवून देल्लं. हे पाय, हिरवी खूण आली. म्हंजे इंटरनेट नसलं तरी वाजते."

"मंग ते पहिलेचं?"

"ते कायले ठेवतं? जागा खाते फुकट." असे म्हणून त्याने मूळ झडती पुसली.

मित्रांनो, त्या हिरव्या खुणेविषयी मला काही सांगायचे आहे. ॲपने जे माझ्यात उतरवले, ते गाणे नव्हतेच. तो एक कुलूपबंद पेटारा होता आणि त्याची किल्ली दूरच्या कुठल्यातरी यंत्राकडे होती. ठरावीक मुदतीत फोनने इंटरनेटवर हजेरी लावली नाही, तर किल्ली मिळत नाही. पेटारा माझ्या पोटात, ओझे माझ्यावर, आणि मालक भलताच. यालाच ते 'तुमच्याकडे जतन केले' असे म्हणतात. मला त्या शब्दाची शिसारी आली आहे.

एवढ्यावर थांबले नाही. फोनमध्ये आणखी गाणी भरायची म्हणून मला काढून अक्षयने खिशात टाकले. खिशात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पन्नी होती, फाटकी. सुपारीचा भुगा आणि तंबाखूचा चुना माझ्या सोनेरी पट्ट्यांना चिकटला. तशाच अवस्थेत मी कळंबला एका टपरीवर पोहोचले, जिथे गाणी भरून मिळतात. तिथे माझ्यात जे ओतले, त्याला मी गाणी म्हणणार नाही. कुठून कुठून ओरबाडलेले, वेग वाढवलेले आवाज, आणि प्रत्येकाच्या मधोमध एकच आरोळी, "अय्य! डीजे फटाका बाबू का माल है ये!" शेकडो वेळा तीच. दुसऱ्याची गाणी उचलायची आणि त्यांवर स्वतःचे नाव थुंकायचे, असा तो माल. तो पोटात घेऊन मी इंदुताईंच्या फोनमध्ये परत आले.

आता विज्ञानाची एक गोष्ट ऐका. कार्डावरून काही पुसले, की ते लगेच नाहीसे होत नाही. फोन फक्त अनुक्रमणिकेतले नाव खोडतो. धडा पानावर तसाच असतो, जोवर त्याच पानावर कुणी दुसरे लिहीत नाही. नानाजींची झडती माझ्यात होती आणि तिच्यावर फटाका बाबू एकेक पान चढत होता. मला ओरडता येत नव्हते.

इंदुताईंच्या फोनला फक्त बोलण्यापुरता रिचार्ज असे. इंटरनेटची हजेरी कधी लागलीच नाही, आणि ती ढोलाची झडती त्यांनी पुन्हा लावलीही नव्हती. पोळ्याच्या सकाळी अक्षय बैल धुवायला नाल्यावर गेला, आणि इंदुताई सुरभीला म्हणाल्या, "लाव बरं झडती. तोरनाखाली त्याहीचाच आवाज पायजे. यंदाबी आपल्या बैलाईले त्यायनंच उभं करावं."

सुरभीने हिरव्या खुणेवर बोट ठेवले. आवाज आला नाही. पडद्यावर मजकूर आला, की आधी ऑनलाइन या.

 इंदुताईंनी पुरणाची परात उगीचच पुसली, पुन्हा पुसली. सुरभीने फोन घेतला आणि गाडीला किक मारली. बाभुळगावला रिचार्ज मारून इंटरनेट मिळाले, तसे झडतीचे नाव राखाडी झाले. 'हे गाणे आता उपलब्ध नाही.' तिने अक्षयला फोन लावला, तेव्हा कळले की ज्या कंपनीमार्फत पैसे भरून त्याने ती ॲपवर चढवली होती, तिची वर्गणीची मुदत सरली होती. पाठोपाठ ॲपने माझ्या पोटातला पेटाराही रिकामा करून टाकला. विचारलेसुद्धा नाही.

सुरभी बी.एस्सी.ला आहे. तिने तिथेच फोन बंद केला, मला काढले आणि इमरानच्या दुकानात नेले. इमरान मोबाइल दुरुस्त करतो.

"इमरानभाऊ, यातलं एक पुसलेलं परत काढायचं हाय. यात नवीन काही लिहू नका, फक्त वाचा."

त्याने मला चिमटीत धरले आणि नाक मुरडले. "छी! ताई, कार्ड होय का थुकदानी?" मग खोडरबराने त्याने माझ्या पट्ट्या घासल्या. कितीतरी महिन्यांनी मला स्वच्छ वाटले. "बादमें कुछ भरा था क्या इसमें?"

"दादानं गाणे भरले. कळंबले."

"मंग अल्लाह मालिक. आधा भेटलं तरी बहुत समजा."

बराच वेळ संगणक मला पान पान वाचत राहिला. मग घंटा वाजली. खोकला आला. ठेका नाही, काही नाही, नुसते नानाजी. सुरभीने तोंडावर ओढणी धरली. तेवढ्यात गावातून शेजारच्या देवसिंगकाकांचा फोन आला, "अवो पोरी, बैल तोरनाखाली आले! लोकं म्हनून राह्यले, यंदा यायच्या बैलाईले तोंडच नाही. ये लवकर!" पुढचे ऐकायला वेळ नव्हता. सापडली तेवढी झडती इमरानने फोनमध्ये उतरवून दिली, तिने मला परत त्यात घातले आणि निघाली.

तोरणाखाली बैल झुली पांघरून उभे होते. अक्षयने फोन मोठ्या स्पीकरला जोडला. नानाजींचा आवाज साऱ्या आखरावर, गुरे जमतात त्या मैदानावर, पसरला.

"डोंगराआड डोंगर, डोंगराआड पानी,
बैलाले लागली तहान, देईना कोनी,
सायबाच्या घरी नळ, नळाले..."

"अय्य! डीजे फटाका बाबू का माल है ये!"

बैल बिचकले. आणि मित्रांनो, सर्वांत किळसवाणे पुढे घडले. चार जणांनी हात वर केले आणि नाचायला सुरुवात केली. एका मेलेल्या माणसाचे वाक्य मधेच तोडले गेले होते, आणि ते नाचत होते. अक्षयने वायर उपटली. त्याला मान वर करता येईना.

तोरणाखाली बाया झडती म्हणत नाहीत. त्या ओवाळायचे ताट घेऊन मागे उभ्या राहतात. इंदुताईंनी ताट शेजारणीच्या हातात दिले आणि त्या पुढे आल्या.

"नळाले नाही धार!" त्यांचा आवाज चिरका होता, पण शेवटच्या बैलापर्यंत गेला. "बैल म्हने धन्याले, चाल नदीपार! हर बोला हर हर महादेव!"

 मग देवसिंगकाकांनी आरोळी दिली आणि सारे गाव ओरडले. तोरण तुटले.

घरी आल्यावर सुरभीने फोन पुढे केला. "आजी, एकडाव परत म्हन. मी भरून ठेवतो."

इंदुताईंनी फोनवर हात ठेवला. "पहिले तोंडात घे. मंग फोनात. म्हन, चुकली त मी हावो."

सुरभी दोनदा चुकली. मग नाही.

मित्रांनो, पडद्यावर खूण उमटली म्हणून वस्तू तुमची होत नाही. जे गेल्यावर परत मिळणार नाही, ते मुळासकट ठेवा, खोकल्यासकट ठेवा, आणि दोन-तीन जागी ठेवा. त्यांतली एक जागा तुमची जीभ असू द्या. सुरभीने माझ्यातली अर्धी झडती इतर ठिकाणीही उतरवून घेतली आहे. चहाची ती हाक मात्र कुठेच नाही. तिच्या जागी फटाका बाबू बसला आहे.

त्याला तेवढे पुसा. नुसते नाव खोडू नका, त्याच पानांवर लिहा. इंदुताईंच्या आवाजात, 'नळाले नाही धार'पासून पुढे.