गाजरी टोकं

ताईला नसता उद्योग सुचला. तिने घरीच केसांना ब्लीच लावलं आणि टोकं गाजरासारखी केशरी, झाडूसारखी राठ करून घेतली. रडत ती माझ्या पार्लरमध्ये आली, आणि मागोमाग तोंडाचा पट्टा चालवत आई. "कात्री लावलीस तर दोघींनाही घरात घेणार नाही!"

मी वैतागून बोटभरच कापलं. ताईने आरशात बघितलं. "अजून." पुन्हा बोटभर. "अजून!" शेवटचं गाजरी टोक गळालं तेव्हा केस कानांपाशी आले होते. ताईने मान झटकली आणि खो-खो हसत सुटली.

मग आईने आपल्या अंबाड्याचे आकडे काढले, ताईला खुर्चीतून उठवलं आणि मला दरडावलं, "हिच्यापेक्षा बोटभर जास्त काप."