आर्लोने भरलेली काडतुसं

डेल्मरने हातोडी ओट्यावर आपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्या दणक्याला हातोडीच्या पोकळ डोक्यात अडकवलेल्या काडतुसाची गोळी सुटली आणि तिच्या मागोमाग पुंगळीतली बंदुकीची दारू आत सांडली. त्याने सगळं पत्र्याच्या बशीत ओतलं, रिकामी पुंगळी बाजूला उभी केली आणि पेटीतलं पुढचं काडतूस उचललं.

"ठेव ते खाली."

शेडच्या दारात नोरीन उभी होती. अंगात मेलेल्या नवऱ्याचं जाड जाकीट, दोन्ही हातांत कॉफीचे मग.

"नोरीन, हे बघ..."

"खाली ठेव म्हणते ना! मेल्या, तुला मी बंदुकीची दुर्बीण तपासायला बोलावलं होतं. आर्लोची पेटी फोडायला नाही."

डेल्मरने काडतूस खाली ठेवलं, पण हातोडी सोडली नाही. सत्तरी गाठलेला हा माणूस आर्लोचा शिकारीतला जोडीदार. गेली कितीतरी वर्षं एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणांच्या, शिकारीचा मोसम उघडला की दोघं एकाच तंबूत झोपत आले होते. रागावलेली नोरीन त्याने पुष्कळदा पाहिली होती, पण तेव्हा समोर आर्लो असायचा आणि डेल्मर मागे उभा राहून मिशीत हसायचा. आज मध्ये कोणी नव्हतं.

"तो गेलाय, नोरीन," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाने भरलेलं काडतूस कोणी उडवत नाही. काही शंका आली तर विचारायचं कोणाला?"

"कोणी उडवत नसेल. मी त्याची बायको आहे."

"फेब्रुवारीत भरलीय त्याने ही पेटी. तेव्हा त्याची काय अवस्था होती, तुला ठाऊक आहे. औषधाच्या गोळ्यांच्या गुंगीत सकाळ की संध्याकाळ ते त्याला कळत नव्हतं. एखाद्या पुंगळीत दारू जास्त पडली असेल तर बंदुकीची खिटी उडून तुझ्या तोंडावर येईल. मग मी काय करू?"

नोरीनने मग दाणकन ओट्यावर ठेवले. कॉफी उसळून बाहेर आली.

अमेरिकेतल्या त्या डोंगराळ वायोमिंगात माणूस एक वेळ दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरेल, पण दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालणार नाही. ज्याचं त्याने भरावं आणि ज्याचं त्याने उडवावं. सूट फक्त घरच्यांना. आर्लो नोरीनसाठी भरायचा आणि नोरीन डोळे मिटून ती वापरायची. दुसरा इलाजही नव्हता. तिची बंदूक तीनशे अठ्ठावन्न मॅग्नम, जबर माराची, आणि तिचं काडतूस काही दुकानात जाऊन मागावं असं नाही. गावातल्या दुकानात त्याचं नाव काढलं तर काउंटरवरचा पोरगा डोकं खाजवायचा. आर्लो दुसऱ्या मॅग्नमच्या पुंगळ्या आणायचा, साच्यात घालून त्यांचे गळे रुंद करायचा, वाढलेली कड कापायचा, तळाला ठिणगी पाडणारी टोपी बसवायचा, दारू तोलायचा आणि वर गोळी दाबायचा. अख्खा हिवाळा त्यात जायचा.

खोऱ्यात ती बंदूक प्रसिद्ध होती, आणि ती चालवणारी बाई त्याहून. बार उडताना बंदूक खांद्यावर जी लाथ मारते ती खाऊन भलेभले पुरुष दुसऱ्यांदा हात लावत नाहीत असं लोक म्हणत. नोरीन मात्र दरवर्षी एल्क पाडायची आणि खांदा चोळतसुद्धा नसे. "नोरीनचा खांदा लोखंडाचा," शेकोटीभोवती कोणीतरी म्हणायचंच. मग ती डेल्मरच्या साध्या थर्टी-ओ-सिक्स बंदुकीकडे बोट दाखवायची आणि विचारायची, "तुझा खुळखुळा आणलास का रे?" सगळे हसायचे. डेल्मरही.

आणि आता तो तिला आर्लोचा हात चुकला असेल म्हणून सांगत होता. शनिवारी मोसम उघडणार होता. आर्लोशिवायचा पहिलाच मोसम. ही पेटी बरोबर नेणार, त्याच्या हातच्या काडतुसाने एल्क पाडणार, एवढं एकच तिने उन्हाळाभर मनाशी धरलं होतं.

"किती फोडलीस?"

"तीन."

"वजनाचा काटा काढ. तिन्हींची दारू तोल. माझ्यासमोर."

"वेगवेगळी कुठे ठेवलीय? बशीत एकत्र झाली."

"मग आणखी दोन फोड," ती म्हणाली. "दोन्ही सारखी भरली तर पेटी मिटायची आणि माझ्या हातात द्यायची. वर आर्लोची माफी मागायची, मोठ्याने."

त्याने दोन फोडली. छोट्या काट्यावर एकाची दारू तोलली, मग दुसऱ्याची. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर येऊन थांबला, केसाचाही फरक नाही.

"बघ!" नोरीनने ओट्यावर थाप मारली. "गुंगीत होता म्हणे! मरायला टेकलेला माणूस तुझ्यापेक्षा नीट भरत होता. माग माफी."

डेल्मरने माफी मागितली नाही. त्याने घाईघाईने काट्यावरचं पारडं उचललं आणि त्यातली दारू बशीत मिसळून बशी दाराकडे न्यायला लागला. सुटी झालेली दारू अंगणातल्या गवतावर टाकायची असते, ते खरं. पण डेल्मर घाई करणारा माणूस नव्हता. जेवतानासुद्धा तो सगळ्यांच्या शेवटी उठायचा.

"थांब."

तिने बशी त्याच्या हातातून घेतली, खिडकीशी नेली आणि दारू बोटाने पसरली. काळपट, बारीक, चपटे दाणे. या ओट्यावरचा केर तिने आयुष्यभर काढला होता. तीनशे अठ्ठावन्नची दारू कशी दिसते ते तिला माहीत होतं. शेवयांचे तुकडे करावेत तसे लांबट दाणे असायचे तिचे. मोठा डबा होता, त्यावर आर्लोने रंगाने तिचं नाव घातलं होतं.

"ही माझी दारू नाही."

डेल्मर खिडकीबाहेर बघत राहिला.

"डेल्मर. ही कसली दारू आहे?"

"हलकी," तो शेवटी म्हणाला. "लवकर जळणारी असते ती. काडतुसाचा जोर कमी ठेवायचा असेल तर वापरतात. गोळीही हलकीच बसवलीय त्याने. चूक नाहीये ती, नोरीन. विचार करून, नीट मापून भरलेलं आहे. एल्क पाडायला पुरतं. लाथ मात्र... लाथ माझ्या खुळखुळ्याइतकीच."

"आजारी होता म्हणून या वर्षी तशी भरली असेल."

डेल्मर रिकाम्या पुंगळ्या एका ओळीत लावायला लागला.

"या वर्षीच ना?"

"काही वर्षांपूर्वी तुझी गोळी लागलेली ती एल्कची मादी जखमी होऊन निसटली होती, आठवतं? आपण अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत होतो आणि ती सापडली नाही. तू चाप ओढायच्या आधी डोळे मिटतेस हे आर्लोने त्या दिवशी पाहिलं. तुझा खांदा इथपासून इथपर्यंत काळानिळा होता. तू म्हणालीस, घोड्यावरून उतरताना लागलं. त्याच्या पुढच्या वर्षापासून हे."

नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या वर्षी खांदा दुखला नव्हता. सवय झाली, असं तिला वाटलं होतं. चर्चमधल्या जेवणांना बसून तिने गावातल्या तरुण बायकांना हेच सांगितलं होतं. दात ओठ खाऊन दोन-तीन वर्षं काढा, खांदा आपोआप तयार होतो. त्यातल्या एकीने तर ऐकून नवऱ्याची मोठी बंदूक घेतली होती.

"तुला कोणी सांगितलं? आर्लोने?"

"आर्लो कशाला सांगतोय! कान आहेत मला. डोंगरात मॅग्नम फुटली की आवाज कसा येतो ते काय मला कळत नाही?"

"मग कान बाकीच्यांनाही असतील."

डेल्मरने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"म्हणजे कॅम्पातल्या सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. तिचा आवाज फाटायला लागला होता. "लोखंडाचा खांदा! तोंडावर म्हणत होता रे तुम्ही! आणि मी मूर्खासारखी मिरवत होते. तुला खुळखुळा म्हणत होते, आणि तू ऐकून घेत होतास. दरवर्षी! लाज नाही वाटली? मी म्हणजे काय तुमच्या कॅम्पातली करमणूक?"

"तसं नव्हतं, नोरीन. कोणी मागे कधी हसलं नाही, देवाशपथ."

"हसला असता तर बरं झालं असतं. कळलं तरी असतं." तिने तो रंगाने नाव घातलेला डबा फळीवरून ओढून त्याच्यासमोर आदळला. "ही भर. पूर्ण मापाने, वर जड गोळी, असते तशी."

"कशाला आता..."

"भर!"

त्याने तीन भरली. तो हळूहळू काम करत होता आणि ती डोक्यावर उभी राहून बघत होती. पूर्वी तिला हे काम शांत, झोप आणणारं वाटायचं. आज गोळी दाबायच्या प्रेसचा दांडा खाली येताना होणारा प्रत्येक कुरकुराट तिला डिवचत होता. बारीक दाण्यांचा डबा तिला फळीच्या टोकाला, रंगाच्या डब्यांमागे दिसला. तिथे ती कधी फडकं मारत नसे हे आर्लोला माहीत असणार. तिच्या मनात आलं, आत्ता तो समोर असता तर तिने हा काटाच त्याच्या डोक्यात घातला असता.

घोड्यांच्या कुंपणामागे मातीची दरड होती. डेल्मरने पुठ्ठ्यावर कागदी बशी डकवून तो तिथे उभा केला. नोरीन लाकडी टेबलाशी बसली, कानांवर झाकणं चढवली, दस्ता खांद्यात रोवला आणि चाप ओढला.

बंदुकीने तिला स्टुलावरून मागे ढकललं. दुर्बिणीची कड भुवईवर बसली. कानांवर झाकणं असूनही आवाज दातांत शिरला. पलीकडे बशीला कडेशी भोक पडलेलं दिसत होतं.

"लागली," डेल्मर ओरडला. "झालं ना? चल आता आत. रक्त येतंय तुला."

"दुसरं दे."

भुवईवरून निघालेला ओघळ तिने जाकिटाच्या बाहीने पुसला. खिटी ओढली, काडतूस आत सारलं, गाल दस्त्याला लावला. बशी दुर्बिणीच्या मधोमध होती. तिने श्वास अर्धा सोडला. बोट चापावर दाबायला लागलं, आणि आवाज व्हायच्या आधीच तिच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. तिने डोळे मिटले होते. कोणी सांगायची गरज नव्हती, तिला स्वतःलाच कळलं. डोळे उघडले तेव्हा बशीच्या पुष्कळ डावीकडे, दरडीवरून माती घसरत होती.

डेल्मर डोंगराकडे बघत होता, जणू तिकडे काही विशेष चाललं होतं.

तिसरं काडतूस तिने खिशात टाकलं आणि बंदूक उचलून चालायला लागली. शेडमध्ये शिरल्यावर डेल्मर सवयीने आर्लोच्या स्टुलावर बसायला गेला.

"ऊठ तिथून."

तो उठला. ती बसली.

"तो बारीक दाण्यांचा डबा दे. मोठा डबा आधी फळीवर ठेव. ओट्यावर दोन डबे एका वेळी ठेवत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. आता मला दाखव."

"काय?"

"भरायचं कसं ते. पुढच्या वर्षी तू माझी पेटी फोडत बसू नयेस म्हणून. माझी मी भरणार."

"आर्लोच्याच मापाने?"

"आर्लोच्याच मापाने," ती चिडून म्हणाली. "बरोबर आहे ना त्याचं माप! त्याचाच तर राग येतोय."

डेल्मरने रिकामी पुंगळी तिच्या हातात दिली. टोपी कशी बसवायची ते दाखवलं. ती काट्यावर चिमूट-चिमूट दारू टाकत राहिली, रेघ ओलांडली की तोंडातल्या तोंडात शिवी देऊन चिमूटभर काढत राहिली. भुवईवरचं रक्त आता वाळत आलं होतं.

"आणि त्याची उरलेली?" डेल्मरने पेटीकडे बोट केलं.

"ती शनिवारी माझ्याबरोबर येणार. पुन्हा हात लावलास तर तुझी बोटं प्रेसमध्ये घालीन. आणि कॅम्पात मी सांगणार आहे सगळ्यांना, माझी बंदूक हलकी भरलेली असते म्हणून. तू मध्ये तोंड घालायचं नाही."

"बरं."

तिने दारू पुंगळीत ओतली. वर गोळी ठेवली, पण प्रेसचा दांडा धरलेला हात खाली आला नाही.

"मला विचारायला काय धाड भरली होती त्याला?" ती एकदम म्हणाली. "रोज एका टेबलाशी जेवत होतो. 'नोरीन, थोडी कमी भरू का?' एवढंच विचारायचं. मी काय खाल्लं असतं का त्याला?"

डेल्मरने गार झालेल्या कॉफीचा मग उचलला, आत बघितलं आणि खाली ठेवला.

"हो म्हणाली असतीस?"

नोरीनचा एक हात दांड्यावर तसाच होता. खांदा ठणकत होता, आणि या वेळी ती तो चोळत होती, डेल्मरसमोर, न लपवता.

"नाही," ती म्हणाली. "ही प्रेस उचलून अंगणात फेकली असती. महिनाभर बोलले नसते त्याच्याशी. आणि पूर्ण भरलेलीच उडवत राहिले असते, खांदा निखळेपर्यंत."

तिने दांडा खाली ओढला. गोळी पुंगळीच्या गळ्यात जाऊन बसली.

"तरी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.