टाइट म्हणजे किती

सोनाळ्यात इंग्रजी कोणाला येवो न येवो, टाइट हा शब्द सगळ्यांना येतो. बाजाराच्या दिवशी एसटी टाइट असते. लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस पोटावरून हात फिरवत टाइट जेवलो म्हणतो, आणि त्याच लग्नातून झुलत निघालेला पाव्हणाही टाइटच असतो. बारावीचा गणिताचा पेपर टाइट जातो. सरपंचाची निवडणूक टाइट होते, मग तिला बंदोबस्तही टाइट लागतो. आशाबाईंच्या मते त्यांच्या मुलीचे सगळे ड्रेस टाइट आहेत, आणि मुलीच्या मते आईचा स्वभाव. एप्रिलात विहिरी आटल्या की अख्ख्या गावाची हालत टाइट होते, आणि मग लोकांना जानराव मिस्त्री आठवतात.

जानराव म्हणजे आशाबाईंचे मालक. चाळीस वर्षं बोअरमध्ये मोटारी सोडायच्या आणि बिघडल्या की वर काढायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्या तोंडी टाइट या शब्दाला एकच अर्थ होता. मोटारीला वीस फुटी लोखंडी पाइप जोडायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं करत ती खाली उतरवायची. प्रत्येक सांध्याला दोन लोखंडी पाने लागतात. एकाने खालचा पाइप पान्यात पक्का धरून ठेवायचा, दुसऱ्याने वरचा आवळायचा. आवळणारा "टाइट" म्हणाला की कप्पीवरच्या माणसाने साखळी सोडायची. त्या शब्दाआधी कोणी साखळीला हात लावायचा नाही आणि त्या शब्दानंतर कोणी शंका काढायची नाही. जानरावांच्या हातची एकही मोटार आजवर बोअरमध्ये पडली नव्हती, आणि हे त्यांना स्वतःला सांगावं लागत नसे, लोकच सांगत.

प्रतीक्षा ही त्यांची मुलगी. मलकापूरला आयटीआय करून ती बापाच्या हाताखाली उभी राहिली, तेव्हा गावाने चार दिवस हसून घेतलं आणि मग कंटाळून सोडून दिलं. ती खालचा पाना धरायची. खालचा पाना धरणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी बाकी कोणाला कळत नाही: वरच्या हातात जोर किती आहे. वरून शेवटचा हिसका बसला की खालच्या मनगटाला झटका येतो. सहा वर्षं तिच्या मनगटाने तो झटका खाल्ला होता आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना हात ठणकायचा. गेल्या दिवाळीपासून तो ठणकायचा थांबला.

बाबांच्या उजव्या हातात काही राहिलेलं नाही, हे तिने असं पान्यातून ओळखलं. जेवताना ते बोटं चोळत बसायचे, पण घरात विषय निघाला नाही. जानरावांसमोर तो काढणार कोण? मग तिने आपली युक्ती शोधली. सांधा गळू नये म्हणून पाइपच्या आट्यांवर सुतळी गुंडाळतात. बाबा टाइट म्हणाले रे म्हणाले की ती "सुतळी बाहेर आली, पाहू द्या" असं पुटपुटत वरच्या पान्याला हात घालायची आणि पाव फेरा देऊन टाकायची. तेवढा वेळ साखळी थांबायची. सहा महिने बापाचं नाव तिच्या पाव फेऱ्यावर चाललं होतं, आणि ते कोणालाही कळलेलं नाही अशी तिची समजूत होती.

त्या दिवशी काम महादेवरावांच्या मळ्यात होतं. संत्र्याची सातशे झाडं, फळ लिंबाएवढं झालेलं, आणि पाणी असलेला बोअर एकच. मोटार जळाली म्हणून चार दिवस बाग कोरडी होती आणि झाडांखाली फळांचा सडा पडायला लागला होता. महादेवराव सकाळपासून खाली वाकून ती फळं उचलत होते, जणू वेचून ठेवली तर पुन्हा लावता येतील. मोटार नवी तार भरून आणली होती, चौदा पाइप सोडायचे होते, आणि दुपारी दोनला विजेची लाइन येणार होती. कप्पीवर त्यांचा पुतण्या शेखर होता. शेखरचा टाइम नेहमी टाइट असतो. का ते त्याला विचारू नये, सांगायला त्याला फार वेळ लागतो.

तीन सांधे ठीक झाले. चौथ्याला जानरावांनी पाना फिरवला, फिरवला, आणि म्हणाले, "टाइट." प्रतीक्षाच्या मनगटाला काहीच जाणवलं नाही. नेहमी थोडं तरी जाणवायचं. तिने वरच्या पान्याकडे हात नेला, तोवर शेखरने साखळी सोडलेलीही होती. सांधा तिच्या डोळ्यांसमोरून खाली गेला.

तेव्हाच थांबा म्हणायला हवं होतं. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, महादेवरावांसमोर, शेखरसमोर, दोन गड्यांसमोर. तिने खालचा पाना पुढच्या सांध्याला लावला. पुढच्या दहा सांध्यांना तिने असा पाव फेरा दिला की जानरावांनी एकदोनदा वळून पाहिलं. चौथा मात्र खाली होता आणि त्याच्यावर एकेक पाइप चढत होता. आपण भित्र्या आहोत, हे तिने त्या दहा पाइपांत दहा वेळा स्वतःला सांगितलं.

दीडच्या सुमारास चौदावा पाइप बसला. वायर जोडून झाली. चहा आला. सगळे सावलीत बसले आणि ती एकटी स्टार्टरच्या पेटीजवळ उभी राहिली. मोटार चालू होताना उलटा झटका देते, एवढं आयटीआयचं पोरही सांगेल. सांधा सैल असला तर तो त्या झटक्यांनी उलगडत जातो, आज नाही तर आठ दिवसांनी. मग मोटार आणि तिच्यावरचे तीन पाइप तळाशी जाऊन अडकतात. मोटारीला वेगळा दोर बांधलेला असतो, पण दोराने एवढं वजन धरल्याचं तिने पाहिलेलं नव्हतं. मोटार अडकली की बोअर गेला, आणि बोअर गेला की सातशे झाडं.

पण कदाचित पुरेसा आवळला असेल. टाइट म्हणजे किती टाइट, हे कुठे लिहिलेलं असतं? बाबा म्हणाले ना टाइट. चाळीस वर्षं लोकांनी त्यावर मोटारी सोडल्या. आणि ती बोलली तर तो शब्द आजच्या आज संपत होता, तिच्या तोंडून, त्यांच्या देखत.

लाइन आली. महादेवरावांनी हात जोडले, देवाचं नाव घेतलं आणि बटणाकडे बोट नेलं. प्रतीक्षाने पेटीवर हात आडवा ठेवला.

"थांबा काका. मोटार वर काढा लागते."

शेखर आधी हसला. "काऊन वं? हालत टाइट झाली का?" मग ती चेष्टा करत नाही हे पाहून तो तापला. सकाळपासूनची मेहनत, आलेली लाइन, उतरलेले चौदा पाइप, सगळं त्याने मोजून दाखवलं. महादेवरावांनी तिला काही विचारलं नाही. ते जानरावांकडे वळले आणि तुम्ही टाइट म्हटलं होतं ना, एवढंच म्हणाले. प्रतीक्षा म्हणाली की चौथ्या सांध्यावर तिचा भरवसा नाही, आणि तो उघडून पाहिल्याशिवाय ती पेटीवरचा हात काढणार नाही. जानरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"काढा," ते म्हणाले.

दहा पाइप वर काढायला दोन तास गेले. शेखर प्रत्येक सांध्याला पान्यावर लोंबकळायचा, सांधा कुरकुरत उघडायचा, आणि तो म्हणायचा, हा टाइट. हाही टाइट. गड्यांनाही मजा वाटायला लागली, तेही सुरात सूर मिसळून मोजू लागले. ऐकून घेण्याशिवाय इलाज नव्हता. तिने मान खाली घालून ऐकलं, पण काम थांबवलं नाही. आठवा, सातवा, सहावा, पाचवा, सगळे टाइट निघाले. मग चौथा वर आला. तिने पाना बाजूला ठेवला, दोन्ही तळवे पाइपवर टेकले आणि फिरवला. तो नळाच्या तोटीसारखा सुटला.

कोणी मोजलं नाही. महादेवरावांनी खाली अंधाऱ्या बोअरकडे पाहिलं, मग बागेकडे पाहिलं. हा कोणी आवळला, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी," प्रतीक्षा म्हणाली.

दोन तासांत तिने हे ठरवून ठेवलं होतं. उद्या पानठेल्यावर काय बोलतील तेही तिला पाठ होतं, आणि शेखरने उद्याची वाट पाहिली नाही. बाईमाणसाच्या हाती पाना दिला की असंच व्हायचं, हे त्याचं वाक्य अर्ध्यावर होतं तेव्हा जानराव उठले.

"खोटं बोलून राह्यली ते. हा म्या आवळला. माह्या हातात जोर नाही राह्यला." त्यांनी उजवा हात पुढे केला, सगळ्यांना दिसेल असा. "दिवाळीपासून हेच टाइट करते सारे सांधे, माह्या मागून, पाव फेरा. तिले वाटते मले समजत नाही. मले पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. म्या करू देल्लं, अन् टाइट टाइट म्हणत राह्यलो."

प्रतीक्षाला रडू आलं नाही, राग आला. सहा महिने ती त्यांच्यापासून लपवत होती आणि ते तिच्यापासून. दोघांनी मिळून एका माणसाचा बोअर घालवायची तयारी केली होती. बापाबद्दल एवढी माया आणि एवढा राग एकाच वेळी तिला कधी आला नव्हता, आणि त्यातलं काहीही बोलायला तिला सवड नव्हती. महादेवराव आता तिच्याकडे पाहत होते. पुढं काय करायचं, हे त्यांनी तिला विचारलं.

जुनी सुतळी काढायची, नवी लावायची आणि या सांध्यापासून पुन्हा सोडायचं, असं तिने सांगितलं. वरचा पाना तिने उचलला. जानरावांनी खालचा घेतला. तिने फेरे दिले, पाय रोवले आणि शेवटचा हिसका मारला. जानरावांच्या हातातून पाना निसटला आणि बोअरच्या तोंडावर आदळला. त्यांनी तो उचलून पुन्हा लावला, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून. आपण थोडं हळू ओढलं तर बाबांना धरता येईल, हे तिला कळत होतं. थोडं हळू ओढलं तर सांधा थोडा सैल राहील, हेही कळत होतं.

"बाबा, तुम्ही सोडा," ती म्हणाली. "शेखरभाऊ, पाना धरा."

जानरावांनी पाना शेखरच्या हातात दिला, धोतराला हात पुसले आणि संत्र्याच्या झाडाखाली जाऊन बसले. मोटार उतरताना ते बसलेले आहेत असं चाळीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. शेखरने एका हाताने पाना धरला. पहिला हिसका बसला तशी त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि दुसरा हातही लावला. बाईमाणसाचं राहिलेलं वाक्य त्याने पुरं केलं नाही.

सांधा बसला. कप्पीवर आता गडी होता, तो साखळी धरून उभा राहिला. सगळेच उभे राहिले. तो कशाची वाट पाहतो आहे हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"टाइट," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही आणि गडी हलला नाही. ती पुन्हा म्हणाली, या वेळी सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं. साखळी सुटली.

पाचव्या पाइपच्या आट्यांवर ती सुतळी गुंडाळत होती तेव्हा झाडाखालून जानरावांचा आवाज आला.

"सुतळी जास्त झाली, पोरी."

तिने पाहिलं. खरंच दोन वेढे जास्त होते. तिने सुतळी काढली आणि पहिल्यापासून गुंडाळली.