दोरीवरचा हात

दुपारी सगळी आळी निजली होती. पाळण्याची कडी एकदाच करकरली आणि तान्ह्याने कूस बदलली. मी लेखणी हातातच धरून थांबले. कडी पुन्हा वाजली नाही, तेव्हा पुढे लिहायला घेतलं.

हा पाळणा माझ्या माहेरचा. वर दोन लाकडी पोपट टांगलेले, त्यातल्या एकाची चोच रजनीने दात येताना चावून मोडलेली. पण रजनीच्याही आधी यात माझा पहिला मुलगा झोपत असे. तीन महिने झोपला आणि गेला. रजनी आता सहाची झाली, तरी तिला हे कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात तो विषय निघतच नाही. ह्यांना तो सोसत नाही, आणि मला कसा काढावा ते कळत नाही.

गेल्या थंडीत मुंबईची एक सिनेमा कंपनी लोणावळ्याला आली आणि आमच्या मागच्या बंगल्यात उतरली. एक दिवस सकाळी दाराशी एक बाई उभ्या. सुती पातळ, पायात पुरुषांसारख्या वहाणा, कपाळावर फिसकटलेलं कुंकू.

"पाळणा मिळेल का हो तुमच्याकडे? आमचा नवा कोरा आहे, दुकानातून आणल्यासारखा दिसतो. मला मूल झोपलेला पाळणा हवाय."

मळवलीहून दूध घालायला येणाऱ्या झुंबरबाई ओट्यावर चरवी टेकवून बसल्या होत्या. त्यांनी बाईंना वर-खाली पाहिलं.

"तुमचं मालक कंचं म्हणायचं? ते टोपीवालं व्हय?"

"ते फोटो घेतात. मालक नव्हेत."

"मंग तुमी काय करता तितं?"

"कुणी कुठं उभं राहायचं, काय बोलायचं, ते मी सांगते."

"आन् ही एवढी बापई माणसं ऐकत्यात तुमचं?"

"कधी कधी," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

त्या प्रमोदिनीबाई. बोलपट त्यांचा होता. मी पाळणा दिला. माझ्या मनात तेव्हा भीती नव्हती असं नाही. मला तिसरा महिना होता आणि ते अजून ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पण बाई पोपटाच्या मोडक्या चोचीवरून ज्या तऱ्हेने बोट फिरवत होत्या, ती पाहून नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी रजनीला घेऊन मी बंगल्यावर पाहायला गेले. झुंबरबाईही आल्या. पडवीच्या तुळईला आपला पाळणा टांगलेला पाहून रजनी हरखून गेली. गोष्ट अशी होती, की नटीचं मूल गेलेलं आहे आणि ती रिकामा पाळणा हलवत अंगाई म्हणते. पेटीवाला पेटी घेऊन तयार बसला होता. नटीने दोरी धरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नका हलवू."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. टोपीवाले म्हणाले, "वहिनी, लाकूडच आहे ते."

"रिकामा पाळणा न्हाई हलवायचा," झुंबरबाई मागून म्हणाल्या. "लय वंगाळ. येनाऱ्या जिवाला बाधतं. त्यात वरवंटा ठिवा, बारशाला ठिवत्यात तसा, मंग हलवा खुशाल."

कंपनीचे शेठ खुर्चीतून म्हणाले, "झालं तर मग. आणा वरवंटा. ऊन चाललं."

प्रमोदिनीबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. माझा हात पदराखाली पोटावर गेला होता, ते मला त्यांची नजर तिथे थांबली तेव्हा कळलं. जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग तुमच्याकडची बाई काय करते? मूल गेल्यावर?"

मी सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे. म्हटलं, सवयीने हात दोरीकडे जातो. आणि दोरी हातात आली की आठवतं, की हलवायचा नाही.

"मग?"

"मग काही नाही. दोरी सोडवत नाही."

त्या नटीकडे गेल्या. "वरवंटा नको. वरवंटा ठेवला तर पाळणा रिकामा राहत नाही. तू दोरी धर आणि थांब."

"किती वेळ थांबू?"

"तुझं तुलाच सोडावंसं वाटेपर्यंत."

"आणि गाणं?" शेठ ताडकन उठले. "पाळणाच हलला नाही तर लोकांना काय कळणार? मी मुंबईत कंपनीच्या पाळण्यावर पुन्हा घेईन. सांगून ठेवतो."

"घ्या," बाई म्हणाल्या. "आज मला हे घेऊ द्या."

संध्याकाळी पाळणा परत आला. चारी कोपरे पुसलेले होते. कंपनी गेली, उन्हाळ्यात माझं बाळंतपण नीट झालं आणि पाळणा पुन्हा भरला. पण काम करताना मधूनच मनात यायचं, शेठनी पुन्हा घेतलं असेल का? पडद्यावर कुणी तरी पाळणा हलवत गात असेल, आणि मी जे आयुष्यात एकदाच, एकाच बाईला सांगितलं ते पुसून गेलं असेल?

दिवाळीनंतर बोलपट पुण्याला लागला. दुपारी बायकांचा खेळ होता. हे आपणहून म्हणाले, "चल, मी याला घेऊन बाहेर बसतो." थेटराबाहेरच्या बाकावर ह्यांच्या मांडीवर तान्ह्याला ठेवून मी आणि रजनी आत गेलो. सुरुवातीला पांढऱ्या अक्षरांत प्रमोदिनीबाईंचं नाव आलं. रजनीने ते एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचलं. पुढच्या बाईने वळून पाहिलं. मला रजनीला गप्प करावंसं वाटलं नाही.

मग ती पडवी आली. तुळई, पोपट, मोडकी चोच. नटीचा हात दोरीवर आला. मी डोळे मिटून घेतले आणि पेटी वाजायची वाट पाहिली.

पेटी वाजली नाही. डोळे उघडले तर हात तसाच होता आणि पाळणा स्थिर. एवढ्या बायका, एवढी पोरं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. कुठून तरी मागून एक बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सोड गं, बाई." तेव्हा कुठे नटीचं बोट सुटलं, मग दुसरं. मी रडले. शेजारची अनोळखी बाईही डोळे पुसत होती. प्रमोदिनीबाईंनी माझं सांगणं जपून ठेवलं होतं, आणि आता ते माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं.

बाहेर आलो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. मी तान्ह्याला घेतलं. रजनी समोर उभी राहून ह्यांना सांगत होती, "आपलाच पाळणा होता, अप्पा. माझा पोपट दिसला." मग ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, त्या बाईला नंतर दुसरं बाळ झालं, तर ते त्याच पाळण्यात झोपेल ना?"

"हो."

"मग माझ्या आधी आपल्या पाळण्यात कोण झोपायचं?"