वकीलसाहेबांची पसंती

वकीलसाहेबांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते आणि त्यांच्याजवळ आता एकच शब्द उरला होता. हो. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि ज्या जिभेला कोर्टातले शिपाईसुद्धा टरकून असायचे, तिच्यावर एवढं एकच अक्षर शिल्लक. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. दिवा मालवू की राहू दे? हो. मानेचीही तीच गत. हलायची, पण कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा नाही. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, "त्यांना सगळं समजतं. तुमच्या-माझ्याइतकं. फक्त शब्द सापडत नाहीत. तेव्हा प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करत जा."

"विचारते ना," वकिलीणबाई म्हणाल्या. "विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही."

आणि बाईंनी शब्द पाळला. त्याबाबतीत नाव ठेवायला जागा नाही.

साहेबांना दिवसातले सात-आठ तास पलंगावर टेकवून बसवायचं होतं, नाहीतर छातीत कफ साठणार. जुन्या पलंगाला उशाकडे लोखंडी गज. उशा त्यांच्यामधून घसरून पलीकडे पडायच्या. लांब राहणाऱ्या लेकीने फोनवरून सांगितलं, "आई, एक चांगलं हेडबोर्ड बसवून घे. आणि बाबांना घेऊन जा दुकानात. त्यांच्या मनासारखं होऊ दे." साहेबांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. का नाही चमकणार? जी वस्तू आता मरेपर्यंत पाठीला लावून बसायचं, ती तरी आपल्या पसंतीची असावी, एवढंच मागणं राहिलं होतं बिचाऱ्याचं.

दुकानात भिंतीला ओळीने नुसती हेडबोर्डं उभी केलेली. गळ्यात टेप अडकवलेला सेल्समन पुढे झाला आणि बाईंनी चाकाची खुर्ची सावकाश एकेकासमोरून फिरवली. रेक्झिनचं, वेताचं, आरसे लावलेलं. साहेब नुसते बघत होते. मग एक हिरव्या मखमलीचं आलं, आत चांगला चार इंच फोम. साहेबांचा डावा हात उठला. मखमलीवरून फिरला, मग बोटं आत रुतवून तिथेच बसला. "हो," साहेब म्हणाले. हा 'हो' वेगळा होता. त्यात जीव होता.

"साहेबांना पसंत पडलेलं दिसतंय!" सेल्समन खूश झाला.

बाईंनाही दिसत होतं हो! आंधळ्या थोड्याच होत्या त्या! पण त्यांना आणखीही काहीतरी आठवत होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेचा मणका सरकला होता. तीन महिने त्या त्याच लोखंडी गजांना टेकून बसायच्या आणि पाठीवर वळ उठायचे. एके दिवशी धीर करून त्यांनी विचारलं, मागे एखादी गादी लावलेली फळी बसवून घ्यायची का? साहेबांसमोर तेव्हा चार पक्षकार बसले होते. साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हिच्या डोक्यात भुसा भरलेलाच आहे, वर आणखी गादी कशाला?" चौघे खो-खो हसले. वाक्य इतकं जमून गेलं की साहेबांनी ते पुढे वर्षानुवर्षं वापरलं. मित्रांमध्ये, नातेवाइकांमध्ये, लेकीच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा. बाई चहाचा ट्रे धरून उभ्या असायच्या आणि सगळ्यांबरोबर हसायच्या. मेलं हसू तरी कुठून आणायच्या, कोण जाणे!

"ते कोपऱ्यातलं दाखवा," बाई म्हणाल्या.

ते काळ्या लाकडाचं होतं. वरपासून खालपर्यंत कोरीवकाम, द्राक्षांचे टपोरे घोस, एकेक द्राक्ष बोराएवढं आणि दगडासारखं टणक. सेल्समन चांगला माणूस होता, त्याला राहवलं नाही. "बाई, हे नुसतं दिसायला. टेकून बसायला नाही चालायचं. त्यातून पेशंटला तर..."

"आपण कशाला ठरवायचं? त्यांनाच विचारू ना." बाई खुर्चीपुढे वाकल्या. इतक्या गोड आवाजात त्या संसारात कधी बोलल्या नव्हत्या. "अहो, हे लाकडाचं घ्यायचं का?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा टरारून फुगल्या, ओठ थरथरले. दुसरा कुठलातरी शब्द आतून वर ढकलायची त्यांची धडपड चालली होती. "ह... हो."

"आणि मखमलीचं नको ना?"

"हो."

"बघा," बाई सेल्समनला म्हणाल्या.

"पण त्यांचा हात अजून..."

"त्या हाताचं काही खरं नाही हो. काल डॉक्टरांचा शर्ट धरून बसले होते." ही साफ थाप होती. बाईंनी करंगळीपासून एकेक बोट मखमलीतून सोडवलं. अंगठा सुटेना, तो त्यांनी जरा मागे वाकवला. मग पर्समधून रुमाल काढून साहेबांची हनुवटी पुसली.

"नशीबवान आहात साहेब," सेल्समन बिल करायला वळता वळता म्हणाला. "इतकं विचारून विचारून करणारं माणूस मिळालं."

"हो," साहेब म्हणाले.

शनिवारी सुताराने जुने गज कापून काढले आणि हेडबोर्ड बसवलं. दोघांनी मिळून साहेबांना मागे टेकवलं. एक घोस नेमका मानेखाली आला, दोन खांद्यांच्या मध्ये. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाईंनी फोनवर लेकीला सगळं दाखवलं. "बाबा, आवडलं का?" "हो." लेकीलाही भरून आलं. ती म्हणाली, "आई, किती करतेस गं तू त्यांचं!"

फोन ठेवल्यावर सुतार घुटमळला. "बाई, त्यांना टोचतंय बहुतेक. मध्ये उशी घालू का?"

"अहो, टोचतंय का?" बाईंनी विचारलं.

"हो!" कोर्टात म्हणावं तसं खणखणीत.

सुताराने उशी उचललीसुद्धा. "राहू द्या ती," बाई म्हणाल्या. "ते कशालाही हो म्हणतात. तुम्हीच विचारून बघा."

सुतार वाकला. "साहेब, बरं वाटतंय ना?"

"हो."

सुताराने उशी खाली ठेवली, हत्यारांची पिशवी उचलली आणि तो गेला. बाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची पलंगासमोर ओढली आणि आरामात बसल्या.

"काढून टाकायचं का हे?"

"हो!" साहेबांचे डोळे बाईंना चिकटले. "हो. हो."

"की राहू द्यायचं?"

साहेबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. दात आवळले. डावी मूठ चादरीत रुतवली, श्वास रोखून धरला. बाईंनी अजिबात घाई केली नाही. त्यांची दुपारची सगळी कामं उरकली होती. साहेबांचं कपाळ घामाने भिजलं, गाल थरथरायला लागले, आणि शेवटी श्वास सोडायची वेळ आली तेव्हा त्याच्याबरोबर तो शब्द बाहेर पडलाच.

"बरं," बाई उठता उठता म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."