झाकणाच्या आतले ओरखडे

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची. सकाळी सातच्या सुमाराला धुळ्याच्या देवपुरातल्या घरी वृषालीनं वडिलांच्या घड्याळाला चावी दिली आणि घड्याळ बंद पडलं.

आबा, म्हणजे देवचंदभाऊ, नव्वद वर्षांचे. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. तिचा मुलगा सुयश जळगावला नोकरीला, म्हणून त्यानं त्यांना तिकडेच नेलं. ऑपरेशन शुक्रवारी होतं. कागदपत्रं गोळा करायला वृषाली दोन दिवस मागे राहिली होती. जाताना आबांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं होतं. "रोज साताला चावी दे. हाताला अडलं की थांबायचं. जोर करायचा नाही."

त्यांची घड्याळं तीन. लग्नातलं सोनेरी पाण्याचं, निवृत्तीला मिळालेलं चौकोनी, आणि हे एचएमटीचं, पांढऱ्या तबकडीचं. एसटीत वाहतूक नियंत्रक झाले तेव्हा, एकाहत्तर साली घेतलेलं. धुळ्याच्या स्टँडवरून सुटणारी प्रत्येक गाडी त्यांनी याच्यावरच सोडली होती.

त्या सकाळी तिचं चित्त ऑपरेशनात होतं. चावी अडली तरी तिनं एक पीळ जास्तच दिला. मग कानाशी धरलं तर काही नाही. हलवलं, टेबलावर हलकेच आपटलं. काही नाही. काटे सातला चार मिनिटं कमी दाखवत थांबले होते.

घड्याळाचं राहिलं बाजूला, तिला आबांचीच धास्ती वाटली.

कारण ती नऊ वर्षांची असताना साक्रीहून आलेली भागाबाई आत्या हसत हसत बोलून गेली होती, "वृषे, तुना बापनं हाई घड्याळ बंद पडनं ना, का तो बी बंद पडी!" सगळे हसले होते. वृषाली हसली नव्हती. कित्येक दिवस ती पहाटे उठून झोपलेल्या बापाच्या मनगटाला कान लावायची.

पुढे तिनं पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या पोरांना ती फैलावर घ्यायची. आबा तर बाबासाहेबांच्या सभेतून आलेला माणूस. घरात कुणी तोडगा, नवस बोललं तर ताडकन उठायचे. मग ही भीती सांगायची कुणाला? तिनं घड्याळ रुमालात गुंडाळून छातीशी धरलं, बाकीची दोन आबांच्या घड्याळांच्या डब्यासकट पिशवीत टाकली आणि जळगावची एसटी पकडली. वाटेत फोन वाजला. सुयशचं नाव बघून तिनं तो बराच वेळ वाजू दिला.

"आई, आबांचा चष्मा घेतलास ना?" एवढंच होतं.

जळगावात ती आधी दवाखान्यात गेलीच नाही. हनीफभाईंच्या दुकानात गेली. हनीफभाई पूर्वी धुळ्याच्या स्टँडसमोर बसायचे. जळगावला गेल्यावरही आबांचं घड्याळ कंडक्टरच्या खिशातून त्यांच्याकडेच यायचं. आता हात थरथरतो, म्हणून काम चाळिशीची मुलगी अर्शी करते आणि ते शेजारी बसून चुका काढतात.

"मी जास्त चावी दिली. मी मोडलं," वृषाली म्हणाली. "उद्या सकाळच्या आत चालू करा. काहीही करा."

अर्शीनं डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं. "स्प्रिंग तुटली असती ना ताई, तर चावी नुसती फिरत राहिली असती. तेल चिकट झालंय. हा वास कसला?"

वृषालीनं डबा पुढे केला. झुरळं होतात म्हणून पावसाळ्यात तिनं त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. आबा अलीकडे रोज रात्री घड्याळ त्यातच ठेवायचे.

"घ्या! घड्याळ आहे की शालू? त्या गोळ्यांच्या वाफेनंच तेल चिकटलं," हनीफभाई म्हणाले. "बेटी, धुऊन तेल घालायला चार दिवस लागतील. उद्या नाही होणार."

वृषाली स्टुलावर बसली आणि साठी उलटलेली ती बाई दुकानात रडायला लागली. रडता रडता भागाबाईचं बोलणं बाहेर पडलं.

हनीफभाई हसले नाहीत. त्यांनी ते झाकण तिच्या तळहातावर उलटं ठेवलं आणि भिंग दिलं. आत सुईनं कोरलेले बारीक बारीक ओरखडे होते, उर्दू आकड्यांचे.

"दुरुस्तीला आलं की तारीख कोरायची, ही आमची रीत. मोज. चौदा आहेत. चौदा वेळा बंद पडलं हे. भाऊ एकदा तरी पडले का? हा बघ, चौऱ्याऐंशीचा मे. पांझरा नदीत भिजवून आणलं होतं. आठ दिवस माझ्याकडे होतं."

चौऱ्याऐंशीचा मे. तिची बी.एड.ची परीक्षा. आबांनी तिला रोज सायकलवर केंद्रावर सोडलं होतं. मागच्या कॅरिअरवरून तिला हँडल धरलेला त्यांचा काळा हात दिसायचा आणि मनगटावरचा घड्याळाच्या जागचा पांढरा पट्टा. पाहिलं होतं तिनं. विसरली होती.

तरी दवाखान्याचा जिना चढताना ती दोनदा थांबली.

"घड्याळ?" आबांनी पहिलं तेच विचारलं.

"बंद पडलं आबा. माझ्या हातून. हनीफभाईंकडे दिलंय."

आबांनी डोळे मिटले. तिनं पटकन त्यांचं मनगट धरलं.

"किती वाजता?"

"सातला चार कमी."

"मग रडतेस काय?" ते म्हणाले. "गाडी लेट आहे. रद्द नाही."

ऑपरेशन नीट झालं. आबा वॉकर धरून पुढे सव्वा वर्ष चालले. हनीफभाई त्यांच्या आधी गेले. दुकान अर्शी चालवते आणि झाकणातला पंधरावा ओरखडा तिचा आहे. सुयशनं ते चौकोनी घड्याळ मागून घेतलं, पण चावी द्यायला विसरतो. आबा गेले ते एका दुपारी, झोपेतच. वृषालीनं त्यांचा हात हातात घेतला तेव्हा मनगटावरचं घड्याळ टिकटिकत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाही टिकटिकतच होतं. तिनं चावी दिली. हाताला अडलं तिथं थांबली.