सोड्याचं पिंप

ज्या हिवाळ्यात माझ्या लेकीला, डोरीनला, जुळ्या मुली झाल्या, म्हणजे एकोणीसशे त्र्याण्णवच्या, त्याच हिवाळ्यात माझी थोरली बहीण आर्डिस तळघराच्या गार फरशीवर बसून एक पोलादी पिंप दोन्ही पायांनी पुढे-मागे लोळवत होती, आणि वरून तिचा नवरा ओरडत होता.

"आर्डिस! खाली काय गडगडतंय?"

आजारी रोलंडची खाट तळघराच्या बरोबर वर होती. तळघरातल्या भट्टीची ऊब खोलीत जावी म्हणून जमिनीत लोखंडी जाळी बसवलेली होती. तिच्यातून ऊब जायची तसा आवाजही जायचा.

"कपड्यांचं मशीन!" आर्डिस तोंड वर करून ओरडली. "जाड रजई घातलीय!"

"मग मशीन सरकलंय. मर्लला सांग, पायाखाली फळी घाल म्हणावं. आलाच आहे फुकटची कॉफी प्यायला."

मर्ल म्हणजे मी. मी गॅसच्या नळीचं टोक पिंपावर दाबून धरलं होतं.

रोलंड वर्षानुवर्षं घरी बिअर करत आला होता. तो माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले सातू, शिजवायचा, आंबवायचा, आणि बाटल्या भरायच्या दिवशी आर्डिस दांड्याच्या यंत्राने पत्र्याची बुचं दाबायची. दिवसभर वाटाणे डबाबंद करायच्या कारखान्यात डबे हलवून यायची आणि संध्याकाळी त्या यंत्राचा दांडा ओढत बसायची. उजवा खांदा त्यातच गेला. कोणी कौतुक केलं तर म्हणायची, "बिअर त्याची. मी फक्त झाकणं लावते."

त्या घरात एक नियम होता. नव्या बिअरचा पहिला घोट रोलंडचा. त्याच्याआधी कोणी थेंबही चाखायचा नाही, आर्डिसनेसुद्धा नाही.

त्या वर्षीची बॉक, म्हणजे काळी कडक बिअर, काचेच्या बुधल्यात तयार होऊन बसली होती. रोलंड अंथरुणावरून रोज सांगायचा, "बाटल्या भरा आता. तीन आठवड्यांनी पिऊ." बाटलीतल्या बिअरला तेवढे दिवस लागतातच. साखर घालायची, बूच लावायचं, उबेला ठेवायचं, मग हळूहळू आत फेस धरतो.

पण नर्सने आर्डिसला अंगणात नेऊन सांगितलं होतं, की तीन आठवडे धरू नका.

पिंपाला एवढा वेळ लागत नाही. वरून गॅस सोडायचा, तो आत मुरावा म्हणून पिंप लोळवायचं, गार ठेवायचं, दोन दिवसांत बिअर प्यायला तयार. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसलीच.

"त्याला पिंपाची चीड आहे, मर्ल. घाईच्या माणसांचं काम म्हणतो. त्याने पिंप पाहिलं की विचारणार, घाई कसली? मग मी काय सांगू?"

"मग बाटल्याच भर."

"आणि उघडू केव्हा? त्याला पुरून आल्यावर?"

दुसऱ्या दिवशी मी हायवेवरच्या बंद पडलेल्या हॉटेलातलं एक जुनं सोड्याचं पिंप मिळवून आणलं आणि गावातला बार चालवणाऱ्या गसकडून गॅसची टाकी. आर्डिसने ते पिंप उकळत्या पाण्याने, ब्रशने, कारखान्यात घासायची तसं घासलं. आत डोकं घालून वास घेतला. म्हणाली, "झालं लख्ख."

आता पिंप भरलं होतं आणि झाकण सूं सूं करत होतं. गळती कुठे आहे ते बघायला मी साबणाचं पाणी ओतलं. कडेने बुडबुडे उठले.

"आणि ही शिट्टी कसली?" वरून आवाज.

आर्डिस माझ्याकडे बघत म्हणाली, "मर्लची छाती! पुन्हा सिगरेटी ओढायला लागलाय!"

"मरशील लेका!" रोलंड ओरडला. मग खोकला. खूप वेळ खोकला.

आर्डिस पिंप उभं करून झाकणावर सगळा भार टाकून ओणवी झाली. "वाढव," ती पुटपुटली. मी टाकीची चावी फिरवली. दाबाचा काटा चढत गेला. तिच्या हाताखालचं पोलाद थरथरत होतं. झाकण उडालं असतं तर ते थेट तिच्या तोंडावर आलं असतं. मी म्हटलं, "सोड आर्डिस, बास." तिने सोडलं नाही. एकदम खट् असा आवाज झाला, झाकण बसलं, आणि सूं सूं थांबली.

वर खोकलाही थांबला होता. आम्ही दोघं जाळीकडे बघत उभे राहिलो. मग खाट करकरली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

पिंप आम्ही गॅरेजमागे बर्फात पुरलं. रोलंडच्या खिडकीतून ती बाजू दिसत नसे.

दोन दिवसांनी दुपारी मी नळी जोडली. पहिला ग्लास नुसता फेस. दुसराही. तिसऱ्यात काळी बिअर उतरली, वर दोन बोटं बदामी फेस. तिने बोटाला लागलेला थेंब एप्रनला पुसला, चाटला नाही.

रोलंडने त्याचा दांडीवाला ग्लास दोन्ही हातांनी धरला. खिडकीच्या उजेडात फिरवला.

"बाटल्या कधी भरल्या?"

"तू झोपला होतास," आर्डिस म्हणाली.

त्याने घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. आर्डिस खाटेची दांडी घट्ट धरून उभी होती.

"मर्ल," तो म्हणाला, "हायवेवरच्या त्या हॉटेलात आपण पोरांना रूट बिअर पाजायला न्यायचो, आठवतं? ते गोड, औषधी वासाचं सोड्याचं पाणी?"

"आठवतं की."

"हे त्याचंच पिंप ना?"

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं.

"झाकणाच्या रबरी रिंगा, आर्डिस. त्या बदलायच्या असतात. कितीही घासलं तरी त्या सोड्याचा वास रबरातून जात नाही."

आम्हा बाटलीवाल्यांना ठाऊक फक्त काच आणि पत्रा. रबर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला रे काय ठाऊक पिंपातलं?" मी म्हटलं.

"गसला विचारलं होतं मागच्या पानगळीत. हिचा खांदा दुखतो म्हणून; पिंपाला बुचं दाबावी लागत नाहीत." त्याने आणखी एक घोट घेतला. "मशीन म्हणे. रजई म्हणे."

मग ग्लास मांडीवर ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नर्स काय म्हणाली?"

आर्डिसने त्याचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. तिने पुन्हा नीट केलं.

"बरं," रोलंड म्हणाला. मग विचारलं, "बुधल्यात काही उरलंय?"

"पिंपात मावलं नाही तेवढं आहे."

"वर आण. साखर आण, बुचं आण, यंत्र आण. मर्ल, ऊठ की लेका, तुला काय आमंत्रण देऊ?"

त्याच्या खाटेवरच्या जेवायच्या फळीवर यंत्र मांडलं. मी भरत होतो, रोलंड बाटलीच्या तोंडावर बूच ठेवत होता, आर्डिस दांडा ओढत होती. त्याच्या बोटांतून बूच निसटायचं आणि पांघरुणात हरवायचं. ती उचलून देत नव्हती. त्याला सापडेपर्यंत दांड्यावर हात ठेवून थांबायची. शेवटच्या बाटलीवर बूच ठेवायला त्याला फार वेळ लागला.

"जाळीजवळ ठेव, उबेला," तो म्हणाला. "ईस्टरला उघड, एप्रिलात."

"उघडीन."

"पहिला घोट तू घे."

आर्डिसने मान डोलावली आणि दांडा खाली ओढला.

रोलंड झास्ट्रो मंगळवारी, नऊ मार्च एकोणीसशे त्र्याण्णव रोजी सकाळी वारला.